परिचारिकेची पदवी आणि राज्याची सीमा

अमेरिकेतील एखाद्या अनुभवी परिचारिकेने ‘नर्स प्रॅक्टिशनर’ व्हावयाचे ठरविले, की तिच्यापुढील पहिला प्रश्न विद्यापीठाच्या नावलौकिकाचा नसतो. तो राज्याचा असतो. १९६५ साली लॉरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी कोलोरॅडो विद्यापीठात या शिक्षणाचा पाया घातला, तो वैद्यकीय सेवेला वंचित असलेल्या मुलांसाठी. परवान्याचा अधिकार मात्र राज्याराज्यांच्या हाती राहिला. न्यू मेक्सिकोत अशी पदवीधर परिचारिका स्वतंत्रपणे निदान करते, औषध लिहून देते. तीच सीमा ओलांडून टेक्ससमध्ये आली, की औषधाच्या चिठ्ठीसाठी तिला डॉक्टरशी लेखी करार करावा लागतो. विद्या तीच, परीक्षा तीच. बाजारमूल्य तेवढे निराळे!

सरकारी विद्यापीठे आपल्या राज्याच्या रहिवाशांकडून कमी शुल्क घेतात, हे उघडच आहे. घरबसल्या शिकविणाऱ्या परराज्यांतील संस्थांच्या जाहिराती मोहक खऱ्या. पण २०२२ च्या राष्ट्रीय मानकांनुसार प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान ७५० तास भरावे लागतात, आणि ते पडद्यासमोर बसून भरत नाहीत. त्यासाठी मार्गदर्शक कोणी शोधावयाचा? कित्येक संस्था हा भार विद्यार्थिनीवरच टाकतात. मार्गदर्शकाअभावी एक सत्र हुकले, तर तेवढ्या काळात बुडालेला वाढीव पगार शुल्काच्या तक्त्यात कोठेही दिसत नाही. अर्थशास्त्रातील वैकल्पिक खर्च तो हाच. म्हणून अभ्यासक्रम अधिस्वीकृत आहे आणि राज्याच्या परिचर्या मंडळाला तो मान्य आहे, एवढी खात्री करून भागत नाही. मार्गदर्शक मिळवून देण्याची हमी प्रवेशापूर्वी, आणि लेखी, मागावी लागते.