छोटा डीएसएलआर आणि सिन्नरचा उजेड

काळ्या दगडाचं देऊळ आणि त्यामागे तापलेलं पांढरं आभाळ. कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायला याहून अवघड विषय शोधावा लागणार नाही. सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर असंच आहे. यादवकाळातलं, भूमिज शैलीतलं पंचायतन. उंच जोत्यावर मधोमध महादेव आणि चार कोपऱ्यांत विष्णू, गणपती, पार्वती, सूर्य यांची छोटी देवळं. मुख्य शिखरावर लहान लहान शिखरांच्या उभ्या ओळी रचलेल्या आहेत. फोनवर या शिखराचा फोटो झटकन छान येतो, कारण फोन एका क्षणात अनेक फोटो घेऊन ते एकत्र करतो, आभाळ आवरतो, सावल्या उजळतो. पण तोच फोटो मोठा करून पाहिला, भिंतीवर लावायला छापून घेतला, की कोरीव काम रंगाच्या ब्रशने सारवल्यासारखं दिसू लागतं. इथेच बऱ्याच जणांच्या मनात पहिल्यांदा खऱ्या कॅमेऱ्याचा विचार येतो, आणि पाठोपाठ प्रश्न येतो: नवशिक्याला झेपेल, खांद्याला जड होणार नाही असा छोटा डीएसएलआर आज घ्यावा का?

माझं उत्तर आहे, घ्यावा. मात्र तो कशासाठी घ्यायचा हे आधी ठरवायला हवं.

या प्रकारचे कॅमेरे अचानक आलेले नाहीत. कॅननने २००३ मध्ये ३००डी आणला तेव्हा डीएसएलआर पहिल्यांदा हौशी माणसाच्या आवाक्यात आला. २०१३ चा १००डी बॅटरीसह जेमतेम ४०७ ग्रॅमचा होता. त्यानंतरचे दोन कॅमेरे आज जुन्या बाजारात शोधण्यासारखे आहेत. एक २०१८ चा निकॉन डी३५००, दुसरा २०१९ चा कॅनन २००डी मार्क २. दोन्हींत २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी सेन्सर आहे, म्हणजे फोनच्या सेन्सरपेक्षा कित्येक पटींनी मोठा. बॅटरी आणि कार्ड धरून निकॉन ४१५ ग्रॅम, कॅनन ४४९ ग्रॅम. सोबतची १८-५५ लेन्स लावली तरी सगळा संसार सहाशे-साडेसहाशे ग्रॅमच्या घरात राहतो. सिन्नरजवळचा डुबेरगड चढताना हे वजन गळ्यात आहे हे विसरायला होतं, आणि हाच या कॅमेऱ्यांचा पहिला मोठा गुण. कपाटात पडून राहणाऱ्या दीड किलोच्या महागड्या कॅमेऱ्यापेक्षा रोज पिशवीत असणारा छोटा कॅमेरा जास्त फोटो देतो.

दुसरा गुण कळायला पुन्हा गोंदेश्वरला जावं लागेल. कॅमेऱ्याच्या आतला प्रकाशमापक, म्हणजे मीटर, समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे असं धरून चालतो. चौकटीत काळा दगड भरला की त्याला वाटतं उजेड कमी आहे, मग तो फोटो जास्त उजळ करतो. दगड राखाडी होतो, आभाळ पांढरं फुटतं. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एकच्या आसपास न्यायचं, म्हणजे काळा दगड काळा राहतो. ही गोष्ट पुस्तकात वाचून डोक्यात शिरत नाही. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून बघायचं, अंदाज बांधायचा, फोटो काढायचा आणि मग पडद्यावरच्या हिस्टोग्राममध्ये, म्हणजे उजेडाच्या आलेखात, अंदाज कुठे चुकला ते पाहायचं. मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यात निकाल आधीच दिसतो, फोनमध्ये तर निर्णयच फोन घेतो. आरशातून खरा, न सजवलेला उजेड पाहायची सवय छोटा डीएसएलआर लावतो. शिकणाऱ्यासाठी ही मला आजही सर्वांत मोलाची बाब वाटते. शिवाय भर दुपारी, जेव्हा फोनच्या पडद्यावर स्वतःचा चेहरा सोडून काही दिसत नाही, तेव्हा व्ह्यूफाइंडर स्वच्छ दिसतो.

रॉ फाइलचा, म्हणजे कॅमेऱ्याने न सजवलेल्या मूळ नोंदीचा, उपयोगही इथे पटतो. आभाळ वाचेल इतका उजेड घ्यायचा आणि दगडातल्या सावल्या घरी संगणकावर उजळायच्या. त्यात निकॉनचा सेन्सर कॅननपेक्षा थोडा सरस आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात शिखराच्या प्रत्येक छोट्या शिखराची सावली वेगळी पडते, तेव्हा सोबतची साधी लेन्ससुद्धा एफ/८ ला ठेवली तर दगडाचा कण न् कण टिपते.

सभामंडपात शिरलं की चित्र बदलतं. उजेड एकदम उतरतो. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड लावायला आधी परवानगी लागते, म्हणजे भिस्त हातावरच. लेन्समधली स्थिरीकरणाची यंत्रणा इथे मदतीला येते. १८ मिमीवर १/१५ सेकंदालाही फोटो हलत नाही, फक्त श्वास रोखून उभं राहायचं. आणि कॅननचा फिरणारा पडदा छताच्या नक्षीसाठी फार कामाचा आहे. कॅमेरा जमिनीवर पाठीवर ठेवायचा, पडदा बाजूला वळवायचा, टायमर लावायचा. निकॉनचा पडदा जागचा हलत नाही, स्पर्शालाही दाद देत नाही. तिथे जमिनीवर आडवं व्हावं लागतं.

आता उणिवा. त्यांतल्या काही किरकोळ आहेत, काही मात्र पैसे देण्याआधी माहीत असायलाच हव्यात.

किरकोळ म्हणजे व्ह्यूफाइंडर लहान आणि थोडा अंधारा आहे. त्यात काचेच्या प्रिझमऐवजी आरसे आहेत आणि तो चौकटीचा ९५ टक्के भागच दाखवतो, म्हणून कडेला न दिसलेली वायर किंवा कुणाची चप्पल फोटोत येते. नियंत्रणाची चकती एकच. मॅन्युअल मोडमध्ये शटर थेट फिरतं, पण अॅपर्चर बदलायला बटण दाबून तीच चकती फिरवावी लागते. आठवडाभरात बोटांना सवय होते.

मोठी उणीव फोकसची आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. डीएसएलआरमध्ये फोकसच्या दोन वेगळ्या यंत्रणा असतात. व्ह्यूफाइंडरमधून बघताना उजेडाचा काही भाग आरशातून खाली एका स्वतंत्र फोकस सेन्सरकडे जातो. छोट्या कॅमेऱ्यांत या सेन्सरवर बिंदू मोजकेच असतात. कॅननला ९, निकॉनला ११, तेही चौकटीच्या मध्याभोवती गोळा झालेले, आणि त्यांतला मधला एकच बिंदू आडव्या-उभ्या दोन्ही रेषा ओळखतो. पडद्यावर बघून फोटो काढताना आरसा वर जातो आणि मुख्य सेन्सरच फोकस करतो. कॅननचा सेन्सर हे काम उत्तम करतो, माणसाचा डोळाही शोधतो. निकॉन मात्र या वेळी चाचपडतो.

याचा अर्थ सिन्नरपासून जवळच असलेल्या नांदूर मधमेश्वरला गेल्यावर कळतो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचं हे पाणथळ क्षेत्र महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ आहे. हिवाळ्यात इथे पाहुण्या पक्ष्यांची दाटी होते. पाण्यावर स्थिर बसलेला बगळा किंवा चिखलात चरणारा चमचा छोटा डीएसएलआर सहज टिपतो. ५५-२५० सारखी हलकी लेन्स लावली तर सेन्सरच्या आकारामुळे ती ४०० मिमीइतकं जवळ आणते. पण बदकांचा थवा उठला की ९ किंवा ११ बिंदू आणि सेकंदाला ५ फोटोंचा वेग पुरत नाही. पक्षी मधल्या बिंदूवरून सरकला की फोकस मागच्या झाडीवर जातो. १५०-६०० ची दोन किलोची लेन्स या चिमुकल्या बॉडीला लावली, तर तोल सगळा पुढे जातो. उडत्या पक्ष्यांचं वेड लागलेल्याने हा कॅमेरा घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन.

व्हिडिओतही भेद आहे. निकॉनमध्ये बाहेरचा माइक लावायची सोयच नाही. कॅननमध्ये आहे, पण ४के व्हिडिओ लावला की चित्र कडेने इतकं कापलं जातं की १८ मिमीची लेन्स सुमारे ४६ मिमीसारखी वागते आणि फोकसही मंद होतो. थोरल्या बाजीरावांचा जन्म झाला त्या डुबेऱ्याच्या बर्वे वाड्यासारख्या जुन्या वाड्याच्या खोलीत असा व्हिडिओ घ्यायला गेलं तर पाठ भिंतीला टेकते आणि तरी खोली मावत नाही. तिथे साधा फुल एचडी ठेवावा. वाड्यांच्या फोटोसाठी कॅननची १०-१८ ही स्वस्त आणि हलकी लेन्स मिळाली तर जरूर घ्यावी.

कॅनन घेणाऱ्याने एक बाब दुकानातच तपासावी. २००डी मार्क २ च्या फ्लॅश लावायच्या खाचेत मधली पिन नाही. त्या पिनवरच चालणारे स्वस्त फ्लॅश आणि ट्रिगर या कॅमेऱ्यावर पेटत नाहीत. निकॉनमध्ये वेगळी मेख आहे. डी३५०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे जुन्या बाजारात स्वस्तात दिसणाऱ्या एएफ-डी लेन्स त्यावर हातानेच फोकस कराव्या लागतात. एएफ-एस किंवा एएफ-पी असं लिहिलेलीच लेन्स घ्यावी.

निकॉनच्या बाजूनेही सांगण्यासारखं बरंच आहे. एका चार्जमध्ये तो सुमारे १५५० फोटो देतो, कॅनन १०७०. बहुतेक मिररलेस कॅमेरे या आकड्यांच्या जवळपासही फिरकत नाहीत. त्याचा गाइड मोड नवशिक्याला पायरीपायरीने हात धरून नेतो, आणि मेनूच्या भाषांत मराठीही आहे. त्याची १८-५५ लेन्स जवळच्या वस्तूचं कॅननपेक्षा मोठं चित्र घेते. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जे झिओलाइटचे स्फटिक पाहून डोळे दिपतात, तसा एखादा खडा घरी असेल तर खिडकीतल्या उजेडात याच लेन्सने त्याचे पैलू टिपून पाहावेत.

लेन्सबद्दल आणखी एक. सोबतची १८-५५ लेन्स ५५ मिमीला एफ/५.६ पर्यंतच उघडते. ५० मिमी एफ/१.८ ही छोटी लेन्स तिच्या जवळजवळ दहा पट उजेड आत घेते. घरातलं बारसं, संध्याकाळची आरती, आजीचा दिव्याच्या उजेडातला चेहरा, हे सगळं या एका लेन्सने बदलून जातं. फक्त भर उन्हात ती पूर्ण उघडी ठेवली तर १/८००० सेकंदाच्या आसपास शटर लागतं, आणि हे कॅमेरे १/४००० वर थांबतात. तेव्हा एफ/२.८ ला यावं.

राहिला बाजाराचा प्रश्न. फेब्रुवारी २०२० नंतर कॅनन किंवा निकॉनने एकही नवा डीएसएलआर जाहीर केलेला नाही, आणि डी३५०० चं उत्पादन थांबलं आहे. दोन्ही कंपन्यांचं सगळं लक्ष मिररलेसवर आहे. म्हणून आता छोटा डीएसएलआर नवा शोधत बसण्यापेक्षा वापरलेला घेणं मला शहाणपणाचं वाटतं. डी३५०० चं शटर एक लाख फोटोंसाठी तपासलेलं असतं. निकॉनच्या मूळ जेपीजी फाइलमध्ये आतापर्यंत किती वेळा शटर उघडलं हे नोंदलेलं असतं, संगणकावर ते वाचता येतं. कॅननमध्ये ते फाइलमधून कळत नाही, विक्रेत्याला दुरुस्ती केंद्रातून काढून आणायला सांगावं. लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशीचे धागे पाहावेत. एफ/१६ ला मोकळ्या आभाळाचा फोटो काढून तो मोठा करून पाहावा, काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. सिन्नरच्या कोरड्या वाऱ्यात धूळ चुकत नाही, आणि डी३५०० मध्ये ती झटकण्याची आपोआप सोय नाही. लेन्स बदलायची ती आडोशाला, कॅमेऱ्याचं तोंड खाली करून.

लग्नाच्या ऑर्डरी घेऊन फोटोग्राफीच्या धंद्यात उतरायचं असेल, तर एकच कार्ड घेणारा हा कॅमेरा तुमच्यासाठी नाही, पैसे साठवून मिररलेसकडे जा. पण फोटो काढायला मनापासून शिकायचं असेल, तर वापरलेली चांगली बॉडी, १८-५५ आणि ५० मिमी एवढंच घ्या, आणि पावसाळा सरल्यावर एखाद्या सकाळी, ऊन चढायच्या आत, गोंदेश्वरला जा.