कर्णिका

कर्णिका : मुंबई बंदरातून सागरी पर्यटनासाठी चालविण्यात आलेले विहारजहाज (क्रूझ). लांबी सु. २४५ मी., रुंदी सु. ३२ मी., सकल टनभार सु. ७०,०००. हा टनभार म्हणजे जहाजाचे वजन नव्हे. बंदिस्त जागेच्या घनफळावरून तो काढतात.

इटलीतील मॉन्फाल्कोने येथे फिंकांतिएरी कंपनीच्या गोदीत बांधलेले हे जहाज १९९० मध्ये ‘क्राउन प्रिन्सेस’ या नावाने सेवेत आले. त्याला डॉल्फिनसदृश बाह्याकार वास्तुशिल्पज्ञ रेन्झो पिआनो यांनी दिला.

विहारजहाजात प्रवाशांच्या निवासासाठी अनेक मजले रचावे लागतात. त्यामुळे गुरुत्वमध्य वर सरकून स्थैर्य कमी होते. म्हणून एंजिने, इंधन व पाण्याच्या टाक्या तळाशी ठेवतात. लाटांमुळे होणारे डोलणे कमी करण्यासाठी पाण्याखाली दोन्ही बाजूंस पंखासारखी स्थिरके बसवितात. वीज, गोडे पाणी व सांडपाण्याचे शुद्धीकरण यांची सोय जहाजावरच असते. म्हणून प्रवासी नसतानाही जनित्रे, खलाशी व देखभाल यांचा खर्च पूर्णपणे थांबत नाही.

अनेक नामांतरांनंतर २०१९ मध्ये हे जहाज जलेश क्रूझेस या भारतीय उपक्रमाकडे आले. एप्रिल २०१९ पासून मुंबईहून गोवा, दीव इ. ठिकाणी त्याच्या सफरी झाल्या. कोविड–१९च्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये सफरी थांबल्या. उत्पन्न खुंटले, खर्च मात्र चालूच राहिला. ऑक्टोबरमध्ये कंपनीने व्यवसाय बंद केला. नोव्हेंबर २०२० मध्ये जहाज मोडणीसाठी अलंग (गुजरात) येथे किनाऱ्यास लावण्यात आले. तीस वर्षे समुद्रावर वावरलेल्या या जहाजाची मुंबईतील सेवा एक वर्षही पूर्ण होऊ शकली नाही.