कळफलक का बदलावा लागतो?

संगणकाच्या सर्व भागांमध्ये सर्वांत जास्त मार कोण खातो? प्रोसेसर, स्मृती आणि पडदा यांची कामे एकही भाग न हलता मुकाट्याने चालू असतात. कळफलकाला, म्हणजे आपल्या नेहमीच्या बोलण्यातल्या की-बोर्डला, मात्र दिवसातून हजारो वेळा ठोके बसतात. शिवाय हाताचा घाम, खडूची धूळ आणि चहाचे थेंबही त्याच्याच वाट्याला येतात. शाळेचा संगणक-कक्ष सांभाळणाऱ्या शिक्षकांपुढे त्यामुळे एक प्रश्न वारंवार उभा राहतो: हा कळफलक टाकून द्यावा की अजून चालवावा? प्रश्न केवळ पैशांचा नाही. नुकताच टंकन शिकू लागलेला विद्यार्थी अडणाऱ्या कळेवर बसला, तर दोष यंत्राचा असूनही 'मलाच जमत नाही' असे त्याला वाटू लागते. म्हणून कळफलक खराब होतो म्हणजे नेमके काय होते, हे या लेखात पाहू.

कळ दाबल्यावर काय होते?

कळ म्हणजे मुळात एक साधे विजेचे बटण. नेहमीच्या कळफलकावर १०४ कळा असतात. प्रत्येक कळेसाठी स्वतंत्र तार ओढायची तर शंभराहून अधिक तारा लागतील. त्याऐवजी तारांची उभी-आडवी जाळी करतात. समजा, ८ आडव्या आणि १८ उभ्या तारा घेतल्या, तर एकूण २६ तारांत १४४ छेदनबिंदू मिळतात. प्रत्येक छेदनबिंदूवर एक कळ बसवली तरी जागा शिल्लक राहते. कळफलकातली एक छोटी चिप या तारा सेकंदाला शेकडो वेळा एकामागून एक तपासते आणि कोणत्या ठिकाणी उभी व आडवी तार जोडली गेली आहे, यावरून कोणती कळ दाबली हे ओळखते.

स्वस्त आणि सर्वत्र आढळणाऱ्या कळफलकात ही जाळी प्लॅस्टिकच्या पातळ, पारदर्शक पत्र्यांवर छापलेली असते. छपाईच्या शाईत चांदीचे सूक्ष्म कण असतात, म्हणून तिच्यातून वीज वाहते. असे दोन पत्रे समोरासमोर ठेवतात आणि त्यांच्यामध्ये तिसरा, भोके पाडलेला पत्रा घालतात. प्रत्येक कळेखाली रबराची एक लहानशी घुमटी असते. कळ दाबली की घुमटी बसते, वरचा पत्रा भोकातून खाली टेकतो आणि जोडणी पूर्ण होते. बोट उचलले की घुमटी पुन्हा फुगून कळेला वर ढकलते.

दुसऱ्या प्रकारच्या कळफलकाला यांत्रिक कळफलक म्हणतात. त्यात प्रत्येक कळेखाली स्वतःची धातूची स्प्रिंग आणि स्वतःचे बटण असते. तो महाग आणि जड असतो, पण एखादी कळ बिघडली तर तेवढेच बटण बदलता येते.

एका कळेचे आयुष्य

उत्पादक कळेचे आयुष्य वर्षांत सांगत नाहीत, दाबांच्या संख्येत सांगतात. रबरी घुमटीच्या कळेसाठी ही संख्या साधारणपणे ५० लाख ते १ कोटी इतकी असते. जर्मनीतील चेरी कंपनीच्या एमएक्स या यांत्रिक कळांसाठी ती अनेक वर्षे ५ कोटी सांगितली जात होती. त्यांतील काही कळांसाठी आता १० कोटी सांगितली जाते.

हे आकडे वर्षांत कसे उतरवायचे? एक साधे गणित मांडू. एखादी व्यक्ती मिनिटाला २०० कळा या वेगाने रोज दोन तास टंकन करते असे धरू. दिवसाला २४,००० दाब झाले. इंग्रजी मजकुरात 'ई' या अक्षराचा वाटा साधारण दहावा धरला, तर त्या कळेवर रोज २,४०० दाब पडतील. वर्षाचे ३०० दिवस काम केले तर ७,२०,००० दाब. म्हणजे ५० लाखांची मर्यादा गाठायला जवळजवळ ७ वर्षे लागतील. शब्दांमध्ये जागा सोडणाऱ्या लांब पट्टीचा वाटा साधारण सहावा धरला, तर तिच्यावर वर्षाला १२ लाख दाब पडतात आणि तिला चार वर्षे पुरतात. 'झेड'सारख्या क्वचित लागणाऱ्या अक्षराची कळ मात्र कित्येक दशके कोरी राहील. यांत्रिक कळेची ५ कोटींची मर्यादा धरली, तर 'ई'ची कळसुद्धा सुमारे ७० वर्षे चालायला हवी!

मराठीत काय होईल? भारतीय मानक आयएस १३१९४ मध्ये १९९१ साली समाविष्ट झालेल्या इनस्क्रिप्ट रचनेत काना आणि 'आ' एकाच कळेवर आहेत. 'आमच्या शाळेतल्या मुलांना उद्या सकाळी लवकर यायचे आहे' या वाक्यात जागा सोडून ४४ चिन्हे उमटवावी लागतात. त्यांपैकी ८ काने आणि २ 'आ' आहेत. म्हणजे ४४ पैकी १० वेळा एकच कळ! गंमत अशी, की इंग्रजीतील 'ई'ची कळ तीच आहे. दोन भाषांत काम करणाऱ्याच्या कळफलकावर त्या एका कळेला दुहेरी कामगिरी करावी लागते.

सर्वांत कच्ची कळ

एका कळेचे आयुष्य इतके मोठे असेल, तर कळफलक त्याआधीच का बाद होतो? याचे एक उत्तर संभाव्यतेच्या गणितात आहे. १०४ कळांपैकी १०३ उत्तम चालल्या आणि एक बंद पडली, तरी आपण 'कळफलक बिघडला' असेच म्हणतो. समजा, एखादी कळ वर्षभर विनातक्रार चालण्याची संभाव्यता ०.९९९ आहे, म्हणजे हजारात एकच धोका. सर्व १०४ कळा वर्षभर चालण्याची संभाव्यता ०.९९९ चा १०४ वा घात, म्हणजे सुमारे ०.९० येते. म्हणजे दहापैकी एका कळफलकात वर्षभरात काहीतरी बिघडेल. कळेची संभाव्यता ०.९९ वर घसरली, तर सर्व कळा शाबूत राहण्याची संभाव्यता फक्त ०.३५ उरते. भाग पुष्कळ असलेल्या कोणत्याही यंत्राला हाच नियम लागू पडतो. बारावीच्या वर्गात घातांक शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

झिजेखेरीज इतर कारणे

पहिला शत्रू म्हणजे ओलावा. कळफलकावर साधे पाणी सांडले आणि तो लगेच काढून पूर्ण वाळवला, तर तो बरेचदा वाचतो. साखरेचा चहा सांडला तर पाणी उडून जाते, साखर मागे राहते आणि कळा चिकटतात. पत्र्यांमध्ये ओल राहिली आणि वीज चालू असली, तर आणखी एक क्रिया घडते. चांदीचे आयन धन तारेकडून ऋण तारेकडे सरकतात आणि तेथे चांदीच्या बारीक फांद्या वाढू लागतात. या फांद्या दोन तारांना जोडतात आणि न दाबलेली कळ दाबल्यासारखी वागते. उलट, काही ठिकाणी तार विरघळून तुटते आणि कळा मुक्या होतात.

दुसरा शत्रू धूळ. अ‍ॅपल कंपनीने २०१५ साली आपल्या पातळ मॅकबुकमध्ये नव्या रचनेच्या कळा बसवल्या. कळेची हालचाल फारच थोडी असल्याने बारीक कण आत गेला तरी कळ अडे किंवा एकाऐवजी दोन अक्षरे उमटत. २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली आणि २०१९ पासून जुन्या धर्तीच्या कळा परत आल्या. यंत्र पातळ करण्याच्या हौसेची किंमत कोठेतरी मोजावी लागतेच.

तिसरे कारण दिसण्याचे. स्वस्त कळांवरची अक्षरे वरून छापलेली असतात, ती बोटांनी घासून पुसली जातात. सफाईने टंकन करणाऱ्याचे त्यावाचून अडत नाही. शिकाऊ विद्यार्थ्याचे अडते.

चौथे कारण कळफलकाच्या बाहेरचे आहे. आयबीएमचा १९८५ सालचा 'मॉडेल एम' कळफलक वजनाला सुमारे दोन किलो आणि अत्यंत टिकाऊ. त्यांतील काही आजही चालतात. पण संगणकाला जोडण्याचा खुंटा बदलत गेला. १९८४ मध्ये पाच पिनांचा जाडा खुंटा होता, १९८७ मध्ये सहा पिनांचा बारीक खुंटा आला आणि १९९६ मध्ये यूएसबीचे मानक आले. त्यामुळे धडधाकट कळफलकही अडगळीत गेले.

आणि पाचवे कारण हिशेबाचे. स्वस्त कळफलकाच्या दुरुस्तीची मजुरी नव्या कळफलकाच्या किमतीएवढी होते. मग एका कळेपायी उरलेल्या १०३ कळा, चिप आणि तार कचऱ्यात जाते. लॅपटॉपमध्ये तर अनेकदा कळफलक वरच्या आवरणाला पक्का बसवलेला असतो. एका कळेसाठी सगळे आवरण बदलावे लागते.

टाकण्यापूर्वी

तेव्हा 'किती वर्षांनी बदलावा' यापेक्षा 'काय बिघडले आहे' हे आधी विचारावे. एकच कळ अडत असेल, तर बहुधा तिच्याखाली कचरा आहे किंवा घुमटी बसली आहे. तार काढून, कळेची टोपी अलगद वर उचलून आणि कोरड्या ब्रशने साफ करून पाहावे. ठिकठिकाणच्या अनेक कळा एकदम बंद पडल्या असतील, तर जाळीतली एक तार तुटली असण्याचा संभव अधिक, कारण एकाच तारेवरच्या कळा फलकावर शेजारी-शेजारी असतातच असे नाही. सगळाच कळफलक मुका असेल, तर प्रथम तो दुसऱ्या संगणकाला जोडून पाहावा. दोष खुंट्याचा किंवा तारेचाही असू शकतो.

बाद झालेला कळफलक प्रयोगशाळेसाठी जपून ठेवावा. तारेचा, साधा, संगणकापासून सोडवलेला कळफलकच घ्यावा; बॅटरी असलेली यंत्रे उघडू नयेत. मागचे स्क्रू काढले की तीन पत्रे सुटे होतात. दोन घड्याळी सेल आणि एक एलईडी एकसरीत जोडून, योग्य तो रोध घालून, दोन टोके छापील तारांवर टेकवा. पत्रे एकमेकांवर ठेवून कोणत्या भोकावर दाबल्यावर दिवा लागतो ते शोधा. जाळीचा नकाशा विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्या. दुसरा एक उपक्रम: मराठी वर्तमानपत्रातला एक परिच्छेद घेऊन त्यातील काने, मात्रा, वेलांट्या आणि व्यंजने मोजा, आणि आपल्या संगणक-कक्षात कोणती कळ प्रथम झिजेल याचे भाकीत करा. वर्षअखेरीस ते पडताळून पाहता येईल.

प्रयोग संपल्यावर उरलेले भाग भंगारवाल्याच्या गाडीवर टाकू नयेत. भारतात २०२२ च्या ई-कचरा नियमांची अंमलबजावणी १ एप्रिल २०२३ पासून सुरू झाली असून असा कचरा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जाणे अपेक्षित आहे. वर्षभराचे बाद कळफलक एका खोक्यात साठवून एकदम पाठवणे कोणत्याही शाळेला जमण्यासारखे आहे. त्या खोक्यावर प्रत्येक कळफलक कशामुळे बाद झाला याची चिठ्ठी लावली, तर पुढच्या खरेदीच्या वेळी काय घ्यावे आणि काय टाळावे, हे ठरवायला आपल्याच शाळेची माहिती हाताशी राहील.