लघुवाक्यातील अध्याहार : मराठी आणि अन्य भाषा

वाक्यपृथक्करणात उद्देश्य आढळले नाही की 'कर्ता अध्याहृत' असा शेरा लिहिण्याचा प्रघात आहे. परंतु एक-दोन शब्दांच्या वाक्यात न उच्चारलेला भाग प्रत्येक वेळी एकाच स्वरूपाचा नसतो. सरसकट शेऱ्यामुळे हा भेद पुसला जातो.

'आलीस?' या वाक्यातील प्रत्ययांवरूनच द्वितीय पुरुष, स्त्रीलिंग व एकवचन कळते. 'तू' घातल्याने भर पडते ती बहुधा केवळ जोराची. प्रमाण इंग्रजीत 'यू' उच्चारावेच लागते आणि तरीही लिंग कळत नाही. जपानी भाषेतील 'किमाशिता का' या प्रश्नात कोण आले, हे क्रियारूप सांगतच नाही. ते प्रसंगावरून ओळखायचे असते. ते रूप दर्शविते ऐकणाऱ्याविषयीचा आदर. अर्थात मराठी प्रत्ययही सर्वत्र इतका नेमका नाही. 'आले' असे एखादी स्त्री स्वतःविषयी म्हणेल, तसेच गुरुजींविषयी अथवा लहान मुलाविषयीही म्हणता येईल.

'उजाडले' या वाक्याची स्थिती याहून निराळी आहे. अशा क्रियापदांना मराठी व्याकरणात भावकर्तृक म्हणतात. लॅटिनमधील 'प्लुइत्' (पाऊस पडतो) हे याच जातीचे. येथे कर्ता अध्याहृत नसून तो मुळातच नाही. इंग्रजीला मात्र अशा ठिकाणी 'इट' हा अर्थशून्य कर्ता बसवावा लागतो. 'उजाडले'समोर 'कर्ता अध्याहृत' लिहिणारा विद्यार्थी नकळत इंग्रजीची गरज मराठीवर लादतो. त्याचे उत्तर बरोबर धरले गेल्यास चूक त्याची एकट्याची राहत नाही.

खरा अध्याहार 'दार!' अशा वाक्यात असतो. 'द्वारम्' याच उदाहरणावर मीमांसकांनी सूक्ष्म वाद घातला. 'लाव' हा शब्दच मनात आणावा लागतो, असे कुमारिल भट्टांची परंपरा मानते. प्रभाकरांच्या मते केवळ अर्थाचा अध्याहार पुरेसा असतो. मराठी उदाहरणे दोन्ही बाजूंना बळ देतात. उपाहारगृहात कोणी 'मी चहा' म्हणतो, कोणी 'मला चहा'. पहिल्यात 'घेईन', दुसऱ्यात 'हवा' किंवा 'आणा' अभिप्रेत आहे. न उच्चारलेले क्रियापद सर्वनामाची विभक्ती ठरवून जाते. हे भाट्टमताला अनुकूल आहे. मात्र 'हवा' की 'आणा', हे ना बोलणाऱ्याने ठरविलेले असते, ना ऐकणाऱ्याने विचारलेले, चहा येतोच. तेथे प्रभाकरांचे म्हणणे अधिक पटते.