नक्कल आणि रुजुवात

जे दप्तर पूर्वी बासनात बांधून एकाच फडताळात पडून राहात असे, ते आता कचेरीतील विंडोजवर, घरच्या लिनक्सवर आणि कोणा आप्ताच्या मॅकवर एकाच वेळी वाढू लागल्यामुळे, यांपैकी अस्सल प्रत कोणती मानावी हा प्रश्न झरी जामणीसारख्या पैनगंगाकाठच्या तालुक्यातही मुंबईइतकाच निकडीचा होऊ शकतो. आणि जेथे इंटरनेटचा वेग बेभरवशाचा असेल, तेथे सबंध दप्तर दररोज नव्याने धाडणे हा व्यर्थ खटाटोपच होय.

या अडचणीवर अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी 1996 साली 'आरसिंक' हे साधन जगापुढे ठेवले. त्यात चित्रे नाहीत, बटणे नाहीत. पडद्यावर आज्ञा टंकित करावी, एवढाच त्याच्याशी व्यवहार. दोन्हीकडच्या फायलींचे आकारमान आणि अखेरच्या बदलाची वेळ जुळली, तर ते एरवी त्या फायलीस हातही लावीत नाही. न जुळल्यास पलीकडचा संगणक आपल्या जुन्या प्रतीचे सारख्या लांबीचे तुकडे पाडून प्रत्येकाची गणिती खूण अलीकडे कळवितो, आणि अलीकडचा संगणक नव्या प्रतीत त्या खुणा धुंडाळून, जो मजकूर जुळला नाही तेवढाच रवाना करतो. जुना कारकून नक्कल मुळाशी ताडून रुजुवात करी, त्याच जातीचे हे काम आहे.

अडचण उद्भवते ती दोन प्रणालींच्या सरहद्दीवर. फॅट पद्धतीचा पेनड्राइव्ह बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनीच नोंदवितो, म्हणून न बदललेली फाईलही बदललेली भासते. त्यासाठी आज्ञेतच एका सेकंदाची सवलत द्यावी लागते. नावातील कोलन लिनक्सला मान्य, विंडोजला नामंजूर. आणि मराठी माणसास हमखास चकविणारा घोटाळा तर 'शेतकऱ्यांची यादी' अशा साध्या नावात दडलेला असतो: त्यातील 'ऱ' युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येतो, तसाच 'र' आणि नुक्ता अशा दोन संकेतांनीही, मॅकची जुनी एचएफएस प्लस व्यवस्था तो फोडून ठेवी, लिनक्स मिळाला तसा ठेवी, आणि मग डोळ्यांस एकच दिसणारे नाव आरसिंकला दोन वाटून यादीच्या दोन प्रती नांदू लागत. आज्ञेत 'आयकॉन्व्ह' हा पर्याय जोडणे, हा त्यावरील उतारा.

हे साधन हुकमाचे ताबेदार आहे, धन्याच्या मनातील हेतूचे नव्हे. 'डिलीट' हा पर्याय जोडला की जे मुळात नाही ते नकलेतूनही नाहीसे होते, विंडोजच्या 'रोबोकॉपी'तील 'मिर' तेच करतो, आणि मूळ फोल्डर चुकून रिकामे झालेले असले, तर नक्कलही तितक्याच इमानाने रिकामी होते. म्हणून दोन प्रती सारख्या राखणाऱ्याने एक जुनी प्रत निराळी, या व्यवहाराबाहेर जपलीच पाहिजे. आरसिंकला 'ड्राय-रन' व त्याच्या जोडीला 'व्हर्बोज', आणि रोबोकॉपीला 'एल' हा पर्याय दिला, की काहीही न बदलता काय काय बदलेल याची यादी पडद्यावर उमटते. ती यादी शेवटपर्यंत वाचल्यावाचून खरा हुकूम कोणीही सोडू नये.