डेटाचा डबा घरचाच!

‘स्टोरेज फुल’ हा मेसेज नेमका सबमिशनच्या आदल्या रात्रीच कसा येतो, हे एक कोडंच आहे. मग तुम्ही फेस्टचे व्हिडीओ उडवता, फॅमिली ग्रुपवरची गुड मॉर्निंगची फुलं उडवता, तरी जागा होत नाही. गूगल अकाउंटवर फुकट मिळतात १५ जीबी, आणि त्यातच मेल, ड्राइव्ह, फोटो अशी सगळ्यांची दाटीवाटी. गूगल फोटोजची फुकट अमर्याद साठवण तर १ जून २०२१ पासून बंदच झाली. उरते घरातली ती एक पोर्टेबल हार्ड डिस्क. ताईच्या लग्नाचे फोटो, तुमचा फायनल इयरचा प्रोजेक्ट, बाबांनी स्कॅन केलेली कागदपत्रं, सगळं तिच्यावर. आणि ती टेबलाच्या अगदी कडेला. पुढचं सांगायला नको.

म्हणूनच ‘नॅस’ हे नाव तुमच्या कानावर आलं असेल. नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज, म्हणजे हार्ड डिस्क बसवायचा छोटा डबा. राउटरला वायरने जोडायचा, की घरातले सगळे फोन, लॅपटॉप आणि टीव्ही त्यावरच्या फाइल्स वापरू शकतात. फोनमधले फोटो वायफाय मिळताच आपोआप तिथे जातात. भारी ना? पण ऑर्डर करायच्या आधी थोडं थांबा.

पहिली गंमत म्हणजे बहुतेक डबे रिकामे येतात. स्क्रीनवर दिसते ती नुसत्या डब्याची किंमत, डिस्क वेगळ्या घ्यायच्या. दुकानदार सांगतो, दोन डिस्कचा घ्या, एक गेली तरी दुसरी आहे. याला म्हणतात ‘रेड १’. एका डिस्कवरचं सगळं दुसरीवर जसंच्या तसं. त्यामुळे ४ टीबीच्या दोन डिस्क घातल्या तरी जागा मिळते ४ टीबीच.

आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. आरसा म्हणजे बॅकअप नाही! एक डिस्क बंद पडली तर आरसा वाचवतो, कबूल. पण धाकट्याने चुकून फोल्डर डिलीट केला, तर तो त्याच क्षणी दोन्हीवरून जातो. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ नावाच्या रॅन्समवेअरने इंटरनेटला थेट उघडे असलेले क्यूनॅपचे डबे गाठले, फाइल्स कुलूपबंद केल्या आणि बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली. अशा वेळी आरशातलं प्रतिबिंबही कुलूपबंदच. चोरी झाली किंवा घरात पाणी शिरलं तर दोन्ही डिस्क एकदमच जातात, कारण त्या एकाच डब्यात आहेत.

त्यामुळे बजेट कमी असेल तर माझं मत सरळ आहे. एका डिस्कचा डबा घ्या, दुसरी डिस्क बाहेर ठेवा. महिन्यातून एकदा तिच्यावर कॉपी काढा आणि ती मामाकडे नेऊन ठेवा. एक डिस्क बंद पडली तर दोन दिवस खोळंबा होईल, पण फोटो राहतील. पैसे असतील तर आरसाही घ्या, पण या कॉपीच्या बदल्यात नाही.

डिस्क घेताना मॉडेल नंबर टाकून ती ‘सीएमआर’ आहे की ‘एसएमआर’ ते बघा. एसएमआरमध्ये डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. एक कौल बदलायचं तर शेजारची हलवावी लागतात ना, तसंच. म्हणून लिहिताना ती रखडते, आणि आरसा नव्याने भरायचा असेल तेव्हा तर जास्तच. बड्या कंपन्यांनी हे न सांगता अशा डिस्क विकल्याचं २०२० मध्ये उघड झालं होतं. तुम्ही सीएमआरच मागा.

आता तुमच्या राउटरच्या मागे बघा. पोर्ट गिगाबिटचा असेल तर वायरने सेकंदाला साधारण ११० एमबी जातात, म्हणजे २०० जीबीचं शूटिंग अर्ध्या तासात. पोर्ट १०० एमबीपीएसचा असेल तर त्याच कामाला पाच तास. डबा कितीही महागाचा घ्या, यात फरक पडत नाही. विजेचं फार टेन्शन घेऊ नका. २० वॅटचा डबा महिनाभर अखंड चालला तरी साडेचौदा युनिटच्या आत. लाइट जाण्याचं मात्र घ्या. लिहिता लिहिता वीज गेली तर फाइल्स खराब होऊ शकतात, तेव्हा छोटा यूपीएस हवाच.

हे सगळं ऐकून खिसा कुरकुरतोय? माळ्यावरचा जुना लॅपटॉप काढा. त्यावर ‘ओपनमीडियाव्हॉल्ट’ हे फुकट सॉफ्टवेअर टाकलं की तोच झाला नॅस. एक शनिवार-रविवार जाईल, थोडी डोकेफोड होईल, पण नेटवर्किंगच्या प्रॅक्टिकलपेक्षा जास्त शिकाल. बॅटरी धड असेल तर यूपीएसचं कामही तीच करेल.

काहीही घ्या, आईच्या फोनमधले फोटो लगेच उडवू नका. आधी दहा-वीस फाइल्स टाका, त्यांची बाहेरच्या डिस्कवर कॉपी काढा, मग डब्यातली एक मुद्दाम डिलीट करा आणि ती त्या कॉपीवरून परत आणून बघा. परत आली, की मग लग्नाचा अल्बम चढवा.