पाय पेडलवर, निर्णय संगणकाचा

मोटारीचे अॅक्सिलरेटर पेडल दाबले की इंजिनाचा वेग वाढतो, ही गोष्ट वाहन चालवणाऱ्याच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की, त्यामागे काय घडते याचा विचार सहसा कोणी करत नाही. प्रीमियर पद्मिनी किंवा जुन्या मारुती ८००च्या काळात तसा विचार करण्याची गरजही नव्हती. पेडलपासून निघालेली पोलादी तार किंवा दांड्यांची जोडणी थेट कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचत असे. पाय जितका खाली, तितकी हवेच्या मार्गातली झडप उघडी, असा तो सरळ हिशेब होता. तार तुटली तर गाडी थांबे, अडकली तर इंजिन घोंघावत राही, आणि दोन्ही दोष नाक्यावरच्या मेकॅनिकला बॉनेट उघडताच दिसत.

आजच्या पेट्रोल मोटारींत ही तार उरलेली नाही. पेडल आणि इंजिन यांच्यामध्ये आता एक संगणक बसला आहे. चालकाचा पाय झडप उघडत नाही. ती उघडावी अशी विनंती तो संगणकाकडे करतो. ती मान्य करायची की नाही, केली तर किती आणि किती वेगाने, हे संगणक ठरवतो. या व्यवस्थेला ‘इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल कंट्रोल’ किंवा ‘ड्राइव्ह बाय वायर’ असे म्हणतात. गॅरेजच्या बोलीत पूर्वीच्या पोलादी तारेलाही ‘वायर’च म्हणत, ती वायर गेली आणि तिच्या जागी विजेची वायर आली, एवढाच या नावाचा अर्थ.

झडप तीच, हात वेगळा

पेट्रोल इंजिनाची ताकद मुख्यतः त्यात शिरणाऱ्या हवेच्या प्रमाणावर ठरते. हवेच्या नळीत एक गोल तबकडी आडवी बसवलेली असते. ती आपल्या आसावर फिरली की मार्ग कमी-जास्त उघडतो. हीच थ्रॉटल झडप. जुन्या आणि नव्या मोटारींत ती जवळपास सारखीच आहे. बदलला आहे तो तिला फिरवणारा हात.

नव्या रचनेत या कामाचे तीन भाग पडतात. पहिला भाग म्हणजे पेडल. त्याच्या बुंध्याशी असलेले सेन्सर पेडल किती दाबले गेले हे विजेच्या दाबाच्या रूपात कळवतात. दुसरा भाग म्हणजे मेकॅनिक मंडळी ज्याला ईसीयू म्हणतात तो इंजिनाचा संगणक. तिसरा भाग झडपेचा. तेथे एक छोटी विद्युत मोटर दातेरी चाकांच्या मदतीने तबकडी फिरवते, एक स्प्रिंग तिला सतत मागे खेचत असते आणि आणखी दोन सेन्सर ती प्रत्यक्षात किती अंशांत उभी आहे हे संगणकाला सांगत राहतात. आदेश आणि प्रत्यक्ष स्थिती यांत फरक दिसला की संगणक मोटरचा वीजपुरवठा तत्काळ कमी-जास्त करतो. पूर्ण मिटलेली झडप पूर्ण उघडण्यास सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याच्या आसपास वेळ पुरतो.

पेडलवरून आलेला संकेत संगणक ‘झडप इतके अंश उघड’ असा वाचत नाही. ‘चालकाला इतका जोर हवा आहे’ असा त्याचा अर्थ लावला जातो. मग इंजिनाचा वेग, गिअर, तापमान, वातानुकूलन यंत्राचा भार, चाकांची घसरण या सर्वांचा विचार होतो आणि तेवढा जोर मिळण्यासाठी किती हवा लागेल ते ठरते. म्हणूनच पेडल अर्धे दाबले म्हणजे झडप अर्धी उघडली, असे समीकरण आता राहिलेले नाही. ‘इको’ आणि ‘स्पोर्ट’ अशी बटणे असलेल्या मोटारींत त्याच पायाला दोन वेगळे प्रतिसाद मिळतात ते यामुळेच. पेडलचा प्रतिसाद जलद करणारी म्हणून बाजारात जी छोटी उपकरणे विकली जातात, तीदेखील पेडलचा संकेत फुगवून सांगण्यापलीकडे काही करत नाहीत. इंजिनाच्या अश्वशक्तीत त्यांनी भर पडत नाही.

हा खटाटोप कशासाठी?

साध्या तारेने चालणारे काम इतके गुंतागुंतीचे का केले गेले, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे पहिले उत्तर धुरात आहे. पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी एक किलो इंधनाला सुमारे १४.७ किलो हवा लागते. धुरातील विषारी वायू निष्प्रभ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या प्रमाणाच्या अगदी जवळपासच नीट काम करतो. तारेच्या जमान्यात चालकाने पेडल एकदम दाबले की हवा आधी आत घुसे आणि इंधनाला तिच्यामागे धावावे लागे. आता हवा आणि इंधन या दोन्हींचे नियोजन एकाच हाती असल्याने प्रमाण बिघडण्याचे प्रसंग कमी होतात. भारतात १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकांसारख्या कडक नियमांना उतरताना असे नियंत्रण मोलाचे ठरते.

दुसरे उत्तर सुरक्षिततेचे आहे. ओल्या रस्त्यावर चाक घसरू लागले तर चालकाचा पाय पेडलवर असतानाही संगणक इंजिनाचा जोर कमी करू शकतो. क्रूझ कंट्रोल, निष्क्रिय अवस्थेतील इंजिनाचा वेग, वातानुकूलन सुरू होताच द्यावा लागणारा जादा जोर या कामांसाठी पूर्वी वेगवेगळी उपकरणे लागत. आता ती सर्व एकाच झडपेकडून करून घेता येतात.

ही कल्पना विमानांच्या क्षेत्रात आधी रुजली. अमेरिकेच्या ‘नासा’ने १९७२ मध्ये संगणकाच्या मध्यस्थीने उडणाऱ्या एफ-८ विमानाची चाचणी घेतली, तर १९८८ मध्ये एअरबस ए-३२० हे तशा रचनेचे प्रवासी विमान सेवेत आले. त्याच सुमारास बीएमडब्ल्यूने आपल्या बारा सिलिंडरच्या सेव्हन सीरीज मोटारीत इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल बसवला. पुढे तो महागड्या मोटारींतून सामान्य मोटारींत उतरला आणि दुचाकींतही पोहोचला. पुण्याजवळच्या चाकण येथे बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूक या मोटारसायकलच्या २०१७च्या आवृत्तीत हीच पद्धत आली.

संशयावर उभी असलेली सुरक्षितता

तार गेली तेव्हा तिच्याबरोबर एक भरवसाही गेला. तुटलेली तार दिसते; संगणकाची चूक दिसत नाही. म्हणून या यंत्रणेची रचना करणाऱ्यांनी तिच्या कोणत्याच भागावर एकट्यावर विश्वास ठेवायचा नाही, असे ठरवले.

पेडलला सेन्सर एक नसून दोन असतात, ते याचसाठी. एकाच व्यवहाराचा हिशेब दोन कारकुनांनी दोन वह्यांत लिहावा, तसा हा प्रकार आहे. त्यातही एक खुबी असते. अनेक रचनांत दुसऱ्या सेन्सरचा आकडा मुद्दामच पहिल्याच्या निम्मा ठेवलेला असतो. पहिला दोन व्होल्ट दाखवत असेल तर दुसऱ्याने एक दाखवला पाहिजे. दोन्ही आकडे सारखेच ठेवले असते, तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तरी हिशेब जुळलेलाच दिसला असता. निम्म्याच्या नियमामुळे सारखे आकडे हाच बिघाडाचा पुरावा ठरतो. झडपेवरच्या दोन सेन्सरांपैकीही बहुधा एकाचा आकडा वाढत जातो, तेव्हा दुसऱ्याचा कमी होत जातो.

संगणकावरही पहारा असतो. जर्मन मोटार उत्पादकांनी एकत्र येऊन आखलेल्या पद्धतीत तीन स्तर मानले आहेत. पहिला स्तर प्रत्यक्ष काम करतो. दुसरा, चालकाने मागितलेल्या जोरापेक्षा अधिक जोर तर निर्माण होत नाही ना, हे स्वतंत्रपणे पडताळतो. तिसऱ्या स्तरावर एक वेगळी चिप मुख्य संगणकाला ठरावीक काळाने प्रश्न विचारत राहते. उत्तर चुकले किंवा वेळेवर आले नाही, तर झडपेच्या मोटरची वीज तोडली जाते.

वीज तुटली की स्प्रिंग झडपेला मागे खेचते. मात्र ती पूर्ण मिटत नाही. थोडीशी उघडी राहील अशा बेताने ती थांबते. इंजिन सुरू राहते, पण गाडी रांगत चालते. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि पेडल कितीही दाबले तरी गाडी वेग घेत नाही. घाटात असा प्रसंग आला तर चालक हैराण होतो. पण हा यंत्रणेचा बिघाड नसून बिघाडानंतरची ठरवलेली माघार असते. रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागा गाठता यावी, हा तिचा हेतू होय.

अमेरिकेतली कसोटी

या सर्व पहाऱ्याची जाहीर कसोटी अमेरिकेत लागली. २८ ऑगस्ट २००९ रोजी कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ टोयोटा समूहाची एक लेक्सस मोटार वेग न आवरल्याने उधळली आणि एकाच कुटुंबातील चौघांचा मृत्यू झाला. दुसऱ्या मॉडेलसाठीची जाड मॅट चालकाच्या पायाशी टाकलेली होती आणि तिच्यात पेडल अडकले होते, असे तपासात आढळले. त्यानंतर कंपनीने मॅटच्या कारणावरून सुमारे ३८ लाख, तर जानेवारी २०१० मध्ये चिकटणाऱ्या पेडलच्या कारणावरून सुमारे २३ लाख मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. तरीही खरा दोष इलेक्ट्रॉनिक यंत्रणेतच असावा, हा संशय फिटला नाही.

अखेर अमेरिकी सरकारने ‘नासा’च्या अभियंत्यांना पाचारण केले. फेब्रुवारी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार, मोठ्या प्रमाणात वेग वाढवू शकेल असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. तक्रार आलेल्या एका पेडलच्या सेन्सरमध्ये मात्र कथिलाचे केसाहून बारीक तंतू वाढलेले दिसले. दोन हिशेबवह्या एकमेकींना चिकटण्याचाच हा प्रकार होता; पण त्यातून मोटार उधळल्याचा पुरावा मिळाला नाही. दोष सापडला नाही याचा अर्थ तो असूच शकत नाही असा होत नाही, ही पुस्तीही अहवालाने जोडली. अपघातग्रस्त मोटारींच्या नोंदयंत्रांची तपासणी झाली, तेव्हा अनेक प्रसंगी ब्रेक दाबलाच गेला नसल्याचे आढळले. घाईत ब्रेकऐवजी भलतेच पेडल दाबले जाणे हे काही नवे नाही. तारेच्या काळातल्या ऑडी ५००० मोटारीवर असाच आरोप झाला होता आणि १९८९ मध्ये सरकारी तपासाने चालकाच्या चुकीकडेच बोट दाखवले होते.

वाद तेथेही संपला नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये ओक्लाहोमातील ज्युरीने २००५ सालच्या कॅम्री मोटारीच्या अपघातात कंपनीला जबाबदार धरून ३० लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. त्या खटल्यात सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी संगणकाच्या आज्ञावलीतील उणिवांवर बोट ठेवले होते. कंपनीने त्या अमान्य केल्या. पुढे मार्च २०१४ मध्ये मॅट आणि चिकटणाऱ्या पेडलबाबत ग्राहकांची दिशाभूल केल्याच्या प्रकरणात टोयोटाने १२० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. मॅटसारखी क्षुल्लक वस्तू आणि लाखो ओळींची आज्ञावली या दोन्ही एकाच प्रश्नाच्या बाजू आहेत, हा या प्रकरणाचा धडा.

शेवटचा पहारा चालकाचा

या वादानंतर एक सुधारणा सार्वत्रिक होत गेली. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर दोन्ही एकाच वेळी दाबलेले दिसले, तर संगणकाने ब्रेकचे ऐकायचे आणि झडप मिटवायची. तरीही मॅट पेडलवर चढली किंवा अन्य कारणाने गाडी आवरेनाशी झाली, तर चालकाला काही गोष्टी ठाऊक असायला हव्यात. ब्रेक एकदाच, पूर्ण ताकदीने दाबून धरावा. पुनःपुन्हा दाबू नये. ब्रेकला मदत करणारी निर्वात पोकळी बहुतेक पेट्रोल मोटारींत इंजिनाकडून मिळते आणि थ्रॉटल पूर्ण उघडा असताना ती नव्याने तयार होत नाही. दर दाबेगणिक उरलेली मदत संपते आणि पेडल दगडासारखे कडक होते. ब्रेकबरोबरच गिअर न्यूट्रलमध्ये टाकावा. इंजिन ओरडेल, पण चाकांना जोर मिळणार नाही. मग गाडी कडेला घ्यावी आणि थांबल्यावरच इंजिन बंद करावे. धावत्या गाडीची चावी काढून घेतल्यास स्टिअरिंगला कुलूप लागण्याचा धोका असतो.

देखभालीचेही तसेच आहे. चालकाच्या पायाशी मॅटवर मॅट अंथरू नये. असेल ती हुकांना पक्की असावी. झडपेवर साचलेली काजळी साफ करताना तबकडी बोटाने जोर देऊन फिरवू नये, दातेरी चाके दुखावतात. सफाईनंतर किंवा बॅटरी काढल्यानंतर इंजिन काही काळ अडखळले, तर संगणकाला झडपेची मिटलेली स्थिती नव्याने शिकवावी लागते. ते काम योग्य उपकरण असलेल्या ठिकाणीच करून घ्यावे.

विजेवरच्या मोटारींत थ्रॉटल झडपच नाही. तरीही पायाखालचे पेडल, त्याचे दोन सेन्सर आणि त्यांच्यावर संशय घेणारा संगणक तेथेही आहे. ब्रेकचा मार्ग मात्र बहुतेक मोटारींत अजूनही पायापासून चाकापर्यंत द्रवाने भरलेल्या नळ्यांतून जातो. वेग वाढवण्यासाठी आता विनंती करावी लागते. गाडी थांबवण्याचा हुकूम अद्याप चालकाच्या पायातच आहे.